विजेलाही बंधारा हवा



या अंकात खोडव्याच्या खतमात्रेबद्दल लिहायचे सोडून आम्ही विजेबद्दल लिहीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. शेतकी खात्याने ऊस बघावा, वीज बघायला इंजिनिअरिंग खाते आहे, असेही कोणी म्हणेल. परंतु लागणीपासून तोडणीपर्यंत उसाला जे पाणी लागते ते पंपातून येते आणि पंप विजेवर चालतो. ऊस गाळून उरलेल्या बगॅसपासून कारखाना वीज तयार करतो आणि ती विकून आलेला पैसा शेवटी तुमच्या उसाच्या दरातच मिसळतो. आपल्या धंद्याच्या पहिल्या टोकाला वीज आहे आणि शेवटच्या टोकालाही वीजच आहे. तेव्हा तिच्यात काय फेरबदल चालले आहेत ते सभासदाला ठाऊक असलेच पाहिजे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. आज अडचण वीज तयार करण्याची कमी आणि दुपारची वीज संध्याकाळपर्यंत राखून ठेवण्याची जास्त आहे. हा राखणीचा धंदा येत्या काही वर्षांत मोठा होणार. त्यात आपल्या पंपाची वेळ, आपल्या नदीचे पाणी आणि आपल्या सहवीजेचा दर अशा तीन गोष्टी गुंतलेल्या आहेत. म्हणून सहकारी कारखान्यांनी यात लक्ष घालावे, मात्र सभासदांच्या भागभांडवलावर कर्ज काढून नव्हे.

दुपारी पूर, संध्याकाळी उपसाबंदी

साठवण म्हणजे काय हे कोल्हापूरकराला शिकवायची गरज नाही. जुलै-ऑगस्टात पंचगंगा पात्र सोडून शिवारात येते आणि मार्च-एप्रिलात तिच्याच काठावर उपसाबंदीची नोटीस लागते. वर्षाचे एकूण पाणी मोजले तर ते कमी नाही, पण ते हवे तेव्हा नसते. त्यावर राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचा पाया घातला. पुढे या जिल्ह्याने नदीत जागोजागी बंधारे घातले, ते सगळ्या राज्यात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे म्हणून ओळखले जातात. पावसाळा सरता सरता खांबांच्या खाचांत बरगे घालायचे, मागचे पाणी अडवायचे, पुढच्या पावसाळ्याआधी बरगे काढून नदी मोकळी करायची. पूर अडवायचा प्रयत्न हा बंधारा करीत नाही. पूर गेल्यावर जे हाताशी राहते तेवढे तो राखतो. धरण मोठे, पण लांब. बंधारा लहान, पण गावाजवळ. आपल्याला दोन्ही लागतात.

विजेचे आता तसेच झाले आहे. राज्यात सौर वीज वेगाने वाढत आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ साली सुरू झाला आणि त्याचे लक्ष्य पुढे वाढवून १६,००० मेगावॅट करण्यात आले. हेतू असा की गावाजवळच्या उपकेंद्राला जोडून सौर प्रकल्प उभे करायचे आणि शेतीच्या वाहिन्यांना दिवसा वीज द्यायची. हेतू चांगलाच आहे. पण ऊन अकरा ते तीन या वेळात भरभरून येते आणि सहा वाजता संपते. नेमकी त्याच वेळी घरोघरी दिवे लागतात, पंखे फिरू लागतात, टीव्ही चालू होतात, इचलकरंजीचे माग आणि शिरोलीच्या फौंड्री तर चालूच असतात.

याचा परिणाम बाजारात दिसतो. देशाच्या वीज बाजारात २०२५ सालच्या मे महिन्यात काही दुपारी विजेचा दर जवळजवळ शून्यावर आला होता. त्याच बाजारात टंचाईच्या संध्याकाळी दर युनिटला दहा रुपयांच्या सरकारी मर्यादेला जाऊन टेकतो. सकाळी भाजी मातीमोल आणि संध्याकाळी सोन्याच्या भावात, असा हा सौदा आहे. भाजी निदान संध्याकाळपर्यंत टोपलीत राहते. वीज तारेत राहत नाही. जेवढी वापरली जाते तेवढीच त्या क्षणाला तयार व्हावी लागते, नाहीतर जाळ्याची फ्रिक्वेन्सी पन्नासच्या खाली-वर होते आणि वाहिन्या बंद पाडाव्या लागतात. अशा वेळी पहिला घाव कोणाच्या वाहिनीवर पडतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

पाण्याची साठवण, बॅटरीची साठवण

वीज साठवायच्या दोन मोठ्या पद्धती आज हाताशी आहेत. पहिली पाण्याची. कोयनेचे १९६० मेगावॅट हे महाराष्ट्राचे संध्याकाळचे जुने हुकमी हत्यार. यंत्र काही मिनिटांत सुरू होते, मागणी उतरली की बंद करता येते. परंतु कोयनेचे पाणी एकदा यंत्रातून गेले की ते पश्चिमेला वाशिष्ठीत उतरते आणि समुद्राला मिळते. पश्चिमेकडे वळवायच्या या पाण्याला लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी अशी मर्यादा घातली आहे. तेव्हा कोयनेला वाटेल तितके ताणता येत नाही.

म्हणून तेच पाणी पुन्हा वर चढवायची युक्ती निघाली. तिला सरकारी भाषेत उदंचन म्हणतात. डोंगरावर एक तलाव, पायथ्याला दुसरा. वीज स्वस्त असेल तेव्हा पंपाने पाणी वर न्यायचे, वीज महाग असेल तेव्हा खाली सोडून यंत्र फिरवायचे. अहिल्यानगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघर येथे असा २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ साली सुरू झाला. टाटा कंपनीने भिवपुरी येथे १००० आणि शिरवटा येथे १८०० मेगावॅटच्या अशा प्रकल्पांसाठी २०२३ साली राज्य शासनाशी करार केला. वर चढवताना शंभर युनिट खर्ची घातले तर उतरताना पंचाहत्तर ते ऐंशी युनिट परत मिळतात. बाकीचे नुकसान सोसावे लागते.

दुसरी पद्धत बॅटरीची. ट्रॅक्टरच्या बॅटरीचीच ही दूरची भावकी, पण आत शिशाऐवजी लिथियमच्या पेट्या. मालट्रकवर असतो तसला कंटेनर, त्यात हजारो पेट्या, त्यांना थंड ठेवणारी यंत्रणा, बाजूला डीसीचे एसी करणारे यंत्र आणि ट्रान्सफॉर्मर. असे कंटेनर रांगेने उभे केले की झाले वीज साठवण केंद्र. शंभर युनिट भरले तर पंचाऐंशीच्या आसपास परत मिळतात. उभारणी काही महिन्यांत होते. डोंगर लागत नाही, नदी लागत नाही.

येथे एक हिशेब समजून घ्यावा, कारण पुढे कोणीही विकायला आला की तो मोठा आकडा आधी सांगणार. बॅटरीला दोन मापे असतात, मेगावॅट आणि मेगावॅट-तास. विहिरीवर दहा घोड्यांची मोटर बसवली, पण विहिरीत पाणी हातभरच असेल, तर मोटर कितीही जोराची असली तरी ती किती वेळ चालणार? मेगावॅट म्हणजे मोटरचा जोर आणि मेगावॅट-तास म्हणजे विहिरीतले पाणी. दिल्लीत किलोकरी येथे २०२५ साली २० मेगावॅट, ४० मेगावॅट-तासांचे केंद्र सुरू झाले. म्हणजे पूर्ण जोराने चालवले तर दोन तास. आपल्या भाषेत सांगायचे तर पाच घोड्यांचे सुमारे सव्वापाच हजार पंप दोन तास चालतील, एवढी त्याची ताकद. छत्तीसगडात राजनांदगाव येथे २०२४ साली १०० मेगावॅट सौर प्रकल्पासोबत ४० मेगावॅट, १२० मेगावॅट-तासांची बॅटरी बसली. ती तीन तास पुरते. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण प्रांतात २०१६ साली सगळा प्रांत अंधारात गेला होता. तेथे दुसऱ्याच वर्षी १०० मेगावॅट, १२९ मेगावॅट-तासांची बॅटरी उभी केली. जाळ्याची फ्रिक्वेन्सी घसरू लागताच क्षणात धावून जायचे, हे तिचे मुख्य काम.

यावरून प्रत्येकाची जागा कळते. कोयना म्हणजे मोठे धरण. उदंचन म्हणजे सहा-आठ तासांचा तलाव. बॅटरी म्हणजे दोन-चार तासांचा बंधारा. रोज भरायचा, रोज रिता करायचा आणि जिथे गरज तिथे घालायचा. आठ दिवस ढगाळ राहिले तर बॅटरी कामाची नाही. पण सहा ते दहाची नड तिने भागते.

वेदगंगेचा प्रश्न

पाण्याच्या साठवणुकीची गोष्ट आपल्या जिल्ह्यातही येऊन ठेपली आहे. वेदगंगेवरील पाटगाव धरण भुदरगड-कागल भागातील उसाचा आधार आहे. त्याची क्षमता सुमारे पावणेचार टीएमसी. या पाण्याच्या आधारावर घाटाखाली सिंधुदुर्ग जिल्ह्यातील अंजिवडे परिसरात २१०० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प करण्याचा प्रस्ताव अदानी ग्रीन कंपनीने मांडला. २०२३ साली त्याला वेदगंगा काठच्या गावांतून विरोध झाला.

या वादात दोन्ही बाजूंनी अर्धेच बोलले जाते. उदंचनात पाणी रोज खर्च होत नाही, तेच वर-खाली फिरते, हे प्रकल्पवाल्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण तलाव पहिल्यांदा भरायला पाणी लागते, दरवर्षी बाष्पीभवनाने आणि गळतीने गेलेले भरून काढावे लागते आणि पाऊस लांबला की मे-जूनमध्ये त्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न उरतोच. शेतकऱ्याची भीती रोजच्या फेऱ्याची नाही, ती या शेवटच्या प्रश्नाची आहे. धरणाच्या कागदावर सिंचनाचे पाणी लिहिलेले असते, पण टंचाईच्या वर्षी कागद कोण बघतो, असे जाणते सभासद विचारतात. त्यांना वेड्यात काढण्याचे कारण नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. ज्या नदीचे पाणी आधीच उसाला, पिण्याला आणि पुढच्या बंधाऱ्यांना वाटून संपले आहे, तिथे विजेच्या साठवणुकीसाठी नदीवर हात टाकण्याआधी बॅटरीचा पर्याय तपासला पाहिजे. उदंचन करायचेच तर पहिल्या भरणीचे पाणी कोणत्या महिन्यात उचलणार, दरवर्षीची तूट कोठून भरणार आणि टंचाईच्या वर्षी शेती आणि पिण्याचे पाणी आधी, हे तिन्ही मुद्दे करारात आकड्यांनिशी यावेत. पाणीवापर संस्थांना त्या मोजणीच्या जागी उभे राहायचा हक्क असावा. तेवढे होत नसेल तर लोकांचा विरोध रास्त आहे.

पंपाला बॅटरी लागत नाही

आता शेतातले बोलू. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटनेने कोल्हापुरात महावितरणच्या दारात दिवसा दहा तास विजेसाठी धरणे धरले, ते सर्वांना आठवत असेल. मागणी कोणत्या पक्षाची, कोणत्या झेंड्याची हा भाग सोडा. रात्री दोन वाजता चिखलात बॅटरी धरून दारे मोडायला जाणे, बांधावर कधी साप तर कधी गवा, हे इथल्या प्रत्येक घराने भोगले आहे.

रात्रीच्या विजेचे दुसरे नुकसान मात्र कमी बोलले जाते, आणि ते आमच्या खात्याच्या नजरेतले आहे. रात्री पाणी पाजायला कोणी उभे राहत नाही. पंप ऑटोवर टाकायचा आणि झोपायचे. वीज आली की पंप सुरू, गेली की बंद. सरी भरली की फुटली, कोण बघतो? पाणी उसाला किती आणि जमिनीत किती मुरले याचा हिशेबच नाही. शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांत हजारो एकर जमीन क्षारपड झाली. तिला कारणे अनेक आहेत, निचरा नसणे हे मोठे कारण आहे, पण बेसुमार पाणी हे त्यातले पहिले. त्यात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल शासन भरते. बिलाचा चिमटा गेला, आता राहिला तो फक्त जमिनीचा चिमटा. तो उशिरा बसतो, पण बसला की पिढीला पुरतो.

दिवसा वीज आली तर माणूस डोळ्यांदेखत पाणी देईल, ठिबकचे व्हॉल्व्ह वेळेवर फिरवील, खत पाण्यातून सोडील. आणि येथे एक सोयीची गोष्ट अशी की शेतीच्या पंपाला बॅटरीची गरजच नाही. उसाला पाण्याची ओढ लागते ती फेब्रुवारी ते मे या महिन्यांत, आणि ऊनही तेव्हाच कडक. दुपारची वीज आपण पाण्याच्या रूपाने जमिनीत साठवतो. सरीत पाचट ठेवली तर ती ओल आणखी काही दिवस टिकते. पाचट जाळणारा सभासद आपली साठवणच जाळतो, एवढे या निमित्ताने सांगून ठेवतो.

मग बॅटरीशी आपला संबंध काय? संबंध असा. संध्याकाळची नड भागवायला राज्याकडे साठवण नसेल तर महागडी वीज विकत घ्यावी लागेल. तो बोजा कोठेतरी पडणार, आणि दिवसाच्या शेतीवाहिनीचे वेळापत्रक पुन्हा ओढले-ताणले जाणार. संध्याकाळ सावरली तरच आपली दुपार सुरक्षित राहील.

बगॅसची गंजी हीसुद्धा साठवणच

सहकारी कारखान्याजवळ साठवण नाही असे कोणी समजू नये. एक टन उसातून सुमारे २८० ते ३०० किलो बगॅस निघते. तुमच्या शेतात वर्षभर पडलेले ऊन त्यात आहे. ते यार्डात महिनोन्महिने ठेवता येते. राज्यातील बगॅसवरच्या सहवीज प्रकल्पांची एकत्रित क्षमता अडीच हजार मेगावॅटच्या वर आहे, म्हणजे कोयनेपेक्षा जास्त. अर्थात ती सारी हंगामापुरती, आणि त्यातली बरीच वीज कारखाने स्वतःच वापरतात, हेही सांगितले पाहिजे. शिवाय यार्डात बगॅस कुजते, भिजते आणि उन्हाळ्यात पेट घेते.

अडचण दराची आहे. जुन्या करारांत युनिटला सहा रुपयांच्या पुढे दर मिळत होता. करार संपले तसे नव्या करारांत तो पाच रुपयांच्या आत आला. आणि हा दर सरसकट आहे. दुपारी बारा वाजता, बाजारात वीज कोणी विचारीत नाही तेव्हा, आपल्याला जो दर मिळतो, तोच रात्री आठ वाजता, राज्य विजेसाठी धावाधाव करीत असते तेव्हाही मिळतो.

बॉयलर म्हणजे दिव्याचे बटण नव्हे, तो तासाभरासाठी बंद-चालू करता येत नाही, हे खरे. पण साखरेला लागणारी वाफ वगळून जी जादा वाफ निव्वळ विजेसाठी टर्बाइनमध्ये घालतो, ती कमी-जास्त करता येते. दुपारी ती कमी करावी, तेवढे बगॅस राखावे आणि सहा ते दहा या वेळेत यंत्र पूर्ण क्षमतेने चालवावे. आज असे कोणी करीत नाही, कारण करून पदरात काही पडत नाही. उद्योगांना वीज विकताना दुपारी सवलत आणि संध्याकाळी जादा आकार, हा न्याय आता लागू आहेच. तोच न्याय वीज खरेदी करतानाही लावावा, संध्याकाळच्या युनिटला संध्याकाळचा दर द्यावा, ही आमची मागणी आहे. एका कारखान्याने अर्ज करून हे होणार नाही. राज्य साखर संघाने सर्व सहवीज कारखान्यांच्या वतीने वीज नियामक आयोगापुढे ही बाजू मांडली पाहिजे.

बॅटरी दारात आली तर

आता येणाऱ्या प्रस्तावांबद्दल. सहकारी कारखान्याजवळ तीन गोष्टी असतात, ज्या बॅटरीवाल्याला हव्या असतात. मोकळी जागा, उपकेंद्र आणि वीज वाहून नेणारी उच्चदाब वाहिनी. गाळप हंगाम हल्ली शंभर-सव्वाशे दिवसांत आटोपतो. उरलेले सात-आठ महिने ती वाहिनी जवळजवळ रिकामी लोंबते. तिचा उपयोग करून घ्यायला हरकत नाही. पण कोणत्या अटींवर, ते सभासदांनी आधीच ठरवावे.

पहिली अट, कर्ज कारखान्याच्या नावावर नको. बॅटरीच्या किमती कशा घसरत आहेत ते पाहा. २०२२ साली केंद्राच्या सौर महामंडळाच्या निविदेत दर मेगावॅटला महिन्याला सुमारे १०.८४ लाख रुपये भाडे निघाले होते. २०२४ च्या अखेरीस राजस्थानात, केंद्राचे अनुदान धरून, ते २.२१ लाखांवर आले. आज घेतलेली वस्तू दोन वर्षांत निम्म्या किमतीला मिळणार असेल तर ती घेणाऱ्याने घ्यावी, आपण जागेचे आणि वाहिनीचे भाडे घ्यावे. धोरणावर विसंबून कर्ज काढले की काय होते ते इथेनॉलने दाखवले आहे. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून आणि सिरपपासून इथेनॉल करण्यावर एकाएकी निर्बंध घातले आणि डिस्टिलरीसाठी कर्ज उचललेले कारखाने हप्त्यांखाली दबले. पुढच्या हंगामासाठी निर्बंध उठले, पण व्याज काही थांबले नव्हते.

दुसरी अट आगीची. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील मॉस लँडिंग येथील मोठ्या बॅटरी केंद्राला आग लागली आणि हजारावर लोकांना घरे सोडावी लागली. तेथे पेट्या एका इमारतीत दाटीने रचलेल्या होत्या आणि त्यांचा प्रकारही जुना होता. आता लोह-फॉस्फेट प्रकारच्या, तुलनेने शांत पेट्या सुट्या कंटेनरमध्ये अंतर ठेवून बसवतात. तरीही बगॅस यार्ड आणि डिस्टिलरीच्या टाक्यांपासून त्या चांगल्या दूर असल्याच पाहिजेत. ज्याच्या यार्डाला एकदा आग लागली आहे त्याला हे जास्त सांगावे लागत नाही.

तिसरी अट पुराची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी कोठवर चढले होते, त्याच्या खुणा अजून भिंतींवर आहेत. त्या रेषेखालच्या जागेत एकही कंटेनर नको, मग जागा कितीही सोयीची असो.

चौथी अट, गाळप हंगामात वाहिनीवर पहिला हक्क आपल्या सहवीजेचा. आणि पाचवी, बारा-पंधरा वर्षांनी पेट्या थकल्या की त्या उचलून न्यायची जबाबदारी करारात लिहून घ्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती उत्पादकावर टाकलीच आहे, पण नियम पुण्या-मुंबईत राहतो आणि कचरा आपल्या आवारात.

"आधी आमच्या उसाचं बघा"

गटऑफिसात हा विषय निघाला तेव्हा एक थोरले सभासद म्हणाले, "साहेब, आधी आमच्या उसाचं बिल चौदा दिवसांत द्या, मग तुमच्या बॅटरीचं बघू."

दादांचे म्हणणे वावगे नाही. ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत एफआरपी देणे हे कारखान्याचे पहिले कर्तव्य आहे, आणि त्याला धक्का लावणारा कोणताही नवा प्रकल्प आम्हांस मान्य नाही. पण एफआरपी वेळेवर द्यायची तर पैसा कोठून येतो, हेही पाहावे लागते. साखरेच्या एकट्या पायावर कारखाना उभा राहत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. सहवीजेला संध्याकाळचा रास्त दर मिळाला आणि रिकाम्या वाहिनीचे भाडे आले, तर तो पैसा बिन-कर्जाचा असेल. म्हणून बिल आधी की वीज आधी, असा हा झगडा नाही. बिल वेळेवर द्यायचे म्हणूनच विजेचा हिशेब घालायचा.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवालातील साखर उताऱ्याचे पान जसे आपण बोट ठेवून वाचतो, तसे सहवीजेचे पानही वाचावे आणि संचालक मंडळाला तीन प्रश्न विचारावेत. आपली वीज कोणत्या तासांत किती गेली? संध्याकाळच्या दरासाठी साखर संघाकडे ठराव पाठवला का? जागा किंवा वाहिनी कोणाला देण्याची बोलणी चालू असतील तर वरच्या पाच अटी त्यात आहेत का? प्रश्न विचारणे म्हणजे विरोध नव्हे. सहकारात मालकाने हिशेब विचारायचा असतो, आणि मालक तुम्ही आहात.

ज्या गावांच्या शेतीवाहिनीला सौर प्रकल्पातून दिवसा वीज सुरू झाली आहे, तेथील सभासदांनी आपल्या गटऑफिसात चिटबॉयकडे वाहिनीचे नाव आणि विजेच्या वेळा नोंदवाव्यात. जमिनीचा पोत आणि उसाचे वय पाहून दिवसाच्या पाणीपाळ्यांचे वेळापत्रक आम्ही गावनिहाय तयार करून देऊ.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते